उसाच्या बिलाची परीक्षा कोण घेणार?

उसाच्या दराचं सूत्र कागदावर चार ओळींचं आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. उतारा त्याच्या वर गेला तर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढायचे, खाली आला तर तेवढेच कमी व्हायचे. मात्र उतारा साडेनऊ टक्क्यांच्या खाली घसरला तरी कपात तिथेच थांबायची. दर ३१५ रुपये १० पैशांच्या खाली जायचा नाही. शाळेत त्रैराशिक केलेल्या कुणालाही हे बिल काढता यावं.

आता उतारा १०.२७ टक्के आला असं समजा. वरच्या ०.०२ टक्क्याचे पैसे प्रमाणात द्यायचे, की पूर्ण ०.१ भरल्याशिवाय काहीच द्यायचं नाही? प्रमाणात धरले तर टनामागे ६ रुपये ६४ पैसे होतात. हंगामात पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हा फरक ३३ लाख २० हजार रुपयांवर जातो. एवढी रक्कम खर्ची टाकायची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, सूचक-अनुमोदक लागतात. पण हा प्रश्न बरेचदा मंडळापर्यंत पोचतच नाही. तो सुटतो पुण्यात किंवा नाशकात, एखाद्या प्रोग्रामरच्या टेबलावर, रात्री उशिरा, कारण बिलाचा पॅच सकाळी पाठवायचा असतो. दोन्ही पर्याय त्याच्या दृष्टीने एकेका ओळीचे. त्यातली एक ओळ त्याने लिहिली, आणि आपण काहीतरी ठरवून टाकलं आहे हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात स्वयंचलित चाचणीवर, म्हणजे ऑटोमेटेड टेस्टिंगवर, बोलायला लोक जमले की एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं: बिगरतांत्रिक कर्मचाऱ्यांना तिचं महत्त्व कळत नाही आणि डेव्हलपर टाळाटाळ करतात; या दोघांना पटवायचं कसं? माझ्या मते हा प्रश्नच उफराटा आहे. बरोबर उत्तर काय हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस काटाघरात, शेतकी विभागात, अकौंट्समध्ये बसलेला असतो. त्याच्याकडून ते उत्तर लिहून घ्यायला कुणी गेलेलं नसतं. आणि उत्तरच हाती नसेल तर प्रोग्रामर तरी चाचणी कशाची लिहिणार? पटवण्याचं काम फार थोडं आहे. उत्तर मिळवण्याचं आणि ते संस्थेच्या मालकीचं करून ठेवण्याचं काम मोठं आहे, आणि ते आपण टाळत आलो आहोत.

स्वयंचलित चाचणीत गूढ असं काही नसतं. उतारा ९.४ टक्के, ऊस दहा टन, तर ढोबळ बिल किती यायला हवं? ३१,५१० रुपये. उतारा ११ टक्के असेल तर? ३६,४९०. अशा शे-दोनशे ओळी एकदा लिहून ठेवायच्या आणि मुख्य प्रोग्रामला कुणीही हात लावला की दुसऱ्या छोट्या प्रोग्रामने त्या सगळ्या ओळी त्याच्यापुढे टाकून उत्तरं ताडून पाहायची. जुळली तर हिरवं, एकही चुकली तर लाल. काम काही सेकंदांचं. माणसाला हे जमत नाही असं नाही. पण दर बदलानंतर, दर वेळी, न कंटाळता दोनशे ओळी ताडून पाहणारा माणूस मिळत नाही.

हे सगळं मांडताना माझ्या डोळ्यांपुढे पुरुषोत्तमनगर आहे, ते का ते सांगतो. शहादा तालुक्यातलं हे ठिकाण म्हणजे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत. पी. के. अण्णा पाटलांनी उभ्या केलेल्या या कारखान्याभोवती तापीच्या काठची केळी-पपई-कापसाची गावं उसाशी जोडली गेली. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. याच तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे शंभर कोटींहून अधिक लोकांना ज्याच्या खिडकीतून जावं लागलं त्या यंत्रणेचा नारळ इथे फुटला. ‘खेड्यातल्या लोकांना संगणकाचं काय कळतं’ हे वाक्य निदान या तालुक्यात तरी उच्चारू नये. बोटांचे ठसे झिजलेल्या मजुराचं यंत्राशी न जुळणं, बँकेतल्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाल्याने पैसे अडकणं, हे इथल्या माणसाने परिसंवादात ऐकलेलं नाही, स्वतः अनुभवलेलं आहे. पुढची उदाहरणं मात्र कोणत्या एका कारखान्याची समजू नयेत. सहकारी साखर कारखाना म्हटला की कुठेही घडू शकतील अशी ती आहेत.

सहकारातल्या माणसाला चाचणीचं महत्त्व समजावून सांगणं म्हणजे तर निव्वळ आगाऊपणा आहे. वजनकाट्याचंच पाहा. ट्रॅक्टरचं भरलेलं वजन, गव्हाणीत ऊस टाकून आल्यावरचं रिकामं वजन आणि दोहोंतला फरक, एवढाच काट्याचा व्यवहार. पण महाराष्ट्रात ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार निवडणुका जिंकून देऊ शकतो आणि पाडूही शकतो. म्हणून वजनमापे विभाग काट्याची दरवर्षी पडताळणी करतो, प्रमाणित वजनं ठेवून काटा बरोबर दाखवतो का ते पाहतो. हंगामात भरारी पथक अचानक येतं आणि नुकतंच वजन होऊन निघालेलं वाहन परत काट्यावर चढवायला लावतं. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये, ही मागणी शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. उत्तर आधीच माहीत असलेली वस्तू यंत्रावर ठेवायची आणि यंत्र तेच उत्तर देतं का ते बघायचं: स्वयंचलित चाचणीतही याहून वेगळं काही नाही. सहकार खात्याच्या कायद्यात चाचणी लेखापरीक्षण आहे. प्रयोगशाळेत रसाचे नमुने पाळीपाळीने तपासले जातात. मोजणाऱ्याला मोजण्याची ही परंपरा इतकी खोल गेलेली असताना, वजनाचा आकडा काट्यावरून संगणकात शिरला की तिथून पुढे त्याला कुणीही हटकत नाही. काट्याला सील असतं. पण ज्या प्रोग्रामने त्या वजनाचे पैसे केले त्याच्यावर कसलं सील?

आणि बिल म्हणजे फक्त वजन गुणिले दर नव्हे. बिलाच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेल्या क्लार्कला विचारा. जळीत उसाची कपात कधी लागते आणि कधी माफ होते. मयत सभासदाच्या नावावरचा ऊस, वारसनोंद अर्धवट. एकाच गटात दोघा भावांची लागण, आडनाव एक, आद्याक्षरं एक, गाव एक. विकास सोसायटीची वसुली बिलापेक्षा जास्त निघाली तर बिल उणे दाखवायचं की शून्यावर थांबवायचं? कपातींचा क्रम कोणता: आधी सोसायटी, की आधी भागभांडवल, की आधी उचल? ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लावायचं, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मग चौदावा दिवस रविवारी आला तर? अशी शंभर कोडी त्या क्लार्कच्या डोक्यात असतात आणि बहुतेकांची उत्तरंही असतात, कारण प्रत्येक कोड्यामागे कधीतरी खिडकीशी येऊन भांडून गेलेला एक शेतकरी असतो. चाचणी लिहायला याहून चांगला माल जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीकडे नाही. तो क्लार्क निवृत्त झाला की त्याला शाल-श्रीफळ मिळतं आणि सगळी कोडी त्याच्याबरोबर घरी जातात.

यंत्रापुढे अशी कोडी आधीच न टाकल्याची किंमत महाराष्ट्राने जाहीरपणे मोजली आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सगळ्या शाखांना लागू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या. एखाद्या शाखेवर वर्षभर रंगीत तालीम झाली असती तर जे प्रश्न शांतपणे पुढे आले असते ते ऐन निकालाच्या तोंडावर आले. निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या उन्हाळ्यात प्राध्यापकांना संगणक येत नाही अशी टीका सर्रास झाली. मला ती तेव्हाही पटली नव्हती. ज्यांना रोज हे यंत्र हाकायचं होतं त्यांनी यंत्राची परीक्षा घेण्याआधी यंत्राने त्यांची परीक्षा घेतली.

त्याच वर्षीची शेतकरी कर्जमाफी आठवा. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग लाभार्थ्यांची यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे दिसत होता. ‘एक आधार क्रमांक दोन कर्जदारांपुढे असता कामा नये’ ही एका ओळीची तपासणी आहे. गावच्या विकास सोसायटीच्या सचिवाला विचारलं असतं तर त्याने ती पहिल्या पाच मिनिटांत सुचवली असती, कारण एकाच घरातले दोन कर्जदार, एकाच नावाचे दोन कर्जदार हा त्याच्या रोजच्या डोकेदुखीचा भाग आहे. आता तर तो सचिवच संगणकावर येतो आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली, सगळ्यांसाठी एकच सामाईक सॉफ्टवेअर आणि अंमलबजावणी नाबार्डकडे. देशभराचं सॉफ्टवेअर एक, म्हणजे चुकेल तेव्हा चूकही देशभर एकच. अशा यंत्रणेत सचिवाने आपलं जुनं रजिस्टर शेजारी ठेवून आकडे जुळवत बसावं, अशी आपली कल्पना असते. सचिव ते करतोही. पण त्याने एकदा पकडलेली चूक पुढच्या आवृत्तीत परत डोकं वर काढणार नाही, याची हमी त्याला कुणी देत नाही. तो पुन्हा पकडतो, पुन्हा फोन करतो, पुन्हा तिकीट नंबर घेतो. अशा तीन फेऱ्यांनंतर तो पकडणं सोडून देतो. ‘युजरचा प्रतिसाद थंड आहे’ असा अहवाल वर जातो तो त्यानंतर.

गंमत म्हणजे आजच्या चाचणी-संस्कृतीचा एक मोठा झरा पगारपत्रकातूनच निघाला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीने पगाराची सगळी गणितं एका प्रणालीत आणायचा प्रकल्प घेतला. केंट बेक आणि रॉन जेफ्रीज यांनी तिथे प्रोग्रामआधी चाचणी लिहिण्याची शिस्त घडवली. १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार त्या प्रणालीतून निघू लागले. प्रकल्प पुढे २००० साली बंद पडला, हेही सांगायला हवं. चाचण्या चांगल्या असल्या म्हणजे प्रकल्प तरतोच असं नाही. पण पगार, कपाती, व्याज, दर अशा रुक्ष हिशेबांत प्रत्येक प्रश्नाचं एक नेमकं उत्तर असतं आणि ते उत्तर प्रोग्रामरला नव्हे, पगारखात्याला ठाऊक असतं, हे तिथे पुरेपूर कळलं. २००२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी काढलेल्या ‘फिट’ या साधनात तर चाचणी म्हणजे सरळ एक तक्ताच: डाव्या रकान्यांत दिलेली माहिती, उजव्या रकान्यात अपेक्षित उत्तर. शेतकी अधिकारी एक्सेलमध्ये हेच करतो.

त्यानंतर आलेलं ‘क्युकंबर’ मराठी वाचकाला विशेष वाटेल. त्याच्या वाक्यरचनेला चक्क मराठीचा पाठिंबा आहे. ‘जेव्हा’, ‘तेव्हा’, ‘आणि’, ‘पण’ हे त्यातले अधिकृत शब्द. ‘जेव्हा उतारा ९.४ टक्के असतो, तेव्हा क्विंटलचा दर ३१५ रुपये १० पैसे असतो’ हे वाक्य त्याच्या फाइलमध्ये जवळपास तसंच, दोन ओळींत, लिहिता येतं आणि मागे थोडी जोडणी केली की यंत्र ते तपासून दाखवतं. पण या साधनाभोवती एक भाबडा समज वाढला: अशी भाषा दिली की क्लार्क, अकौंटंट, व्यवस्थापक स्वतः बसून चाचण्या लिहू लागतील. बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही. वाक्यंही प्रोग्रामरच लिहितो, जोडणीही तोच करतो आणि ज्याच्यासाठी वाक्यं माणसांच्या भाषेत आणली तो ती उघडूनही पाहत नाही. मला यात नवल वाटत नाही. लिहायची भाषा ही कधी अडचण नव्हतीच. माणसाला आपल्या म्हणण्याचा परिणाम दिसला पाहिजे. मी सांगितलेल्या ओळीमुळे आज एक चुकीचं बिल अडलं, हे ज्या दिवशी बिल क्लार्कला कळेल त्या दिवसापासून तो ओळी आणून देईल, मग त्या पाठकोऱ्या कागदावर असल्या तरी चालेल.

आता डेव्हलपरकडे वळू, कारण दोषाचा मोठा वाटा त्याच्या माथी मारला जातो. तो आळशी असतो म्हणून चाचण्या लिहीत नाही, ही समजूत सोपी आहे आणि खोटी आहे. निविदा काढून बघा. त्यात ‘मॉड्यूल’ मोजलेली असतात: ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, काटा, बिल, भांडार, पगार. पडदे मोजलेले असतात, अहवाल मोजलेले असतात. चाचण्यांचा रकानाच नसतो. ज्याचे पैसे मिळत नाहीत, ज्याचं बक्षीस नाही आणि जे केल्याने काम दोन आठवडे मागे पडतं ते काम कुणी का करावं? त्यातून हाती आलेला प्रोग्राम पंधरा वर्षांचा, चार कंपन्यांच्या हातांतून गेलेला. दराचं गणित एका बटणाच्या मागे पडद्याच्या रंगरंगोटीबरोबर गुंडाळलेलं. त्यातून नुसतं गणित वेगळं काढून तपासायचं तर आधी ते सोडवावं लागतं, आणि सोडवताना काही मोडलं तर शिव्या यालाच. अशा कोडला हात लावायला घाबरणारा डेव्हलपर शहाणाच म्हणायचा.

त्यात आपण चाचण्यांची सुरुवात चुकीच्या टोकाने करतो. कुणीतरी एखादं रेकॉर्डिंगचं साधन आणतं. ते पडद्यावरचं प्रत्येक क्लिक टिपून ठेवतं आणि रात्री तसंच परत करून पाहतं. प्रात्यक्षिकात हे फार देखणं दिसतं, चेअरमनसाहेब खूश होतात. मग कुणीतरी ‘जतन करा’चं बटण डावीकडून उजवीकडे नेतं आणि सकाळी चाळीस चाचण्या लाल. गणित कुठेच चुकलेलं नसतं. आठवडाभर असं झालं की लाल रंगाकडे कुणी पाहीनासं होतं आणि खरी चूक त्या लालीत खपून जाते. पडद्यावरून घेतलेल्या मोजक्या चाचण्या हव्यातच, पण पाया हिशेबाच्या चाचण्यांचा असावा. एफआरपीची सीमा ९.५ आणि १०.२५ वर आहे, तर ९.४९, ९.५०, ९.५१ आणि १०.२४, १०.२५, १०.२६ या सहा उताऱ्यांवर काय होतं हे तपासणं पन्नास पडद्यांपेक्षा मोलाचं. बटण कुठेही जाऊ दे, ही सहा उत्तरं हलत नाहीत.

फतव्यानेही काम बिघडतं. ‘८० टक्के कोड चाचण्यांखाली आला पाहिजे’ असं वरून फर्मान निघालं की महिनाभरात ८० टक्के येतो. कोड चालवून पाहणारी, पण उत्तर बरोबर आहे की नाही हे न विचारणारी चाचणी लिहिणं अगदी सोपं असतं. शासकीय कार्यालयात काम केलेल्या वाचकाला उद्दिष्टपूर्तीचा हा प्रकार नव्याने सांगायला नको.

मग डेव्हलपर वळतो कशाने? स्वार्थाने, आणि त्यात गैर काही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपीचे हप्ते पाडण्याचा आणि दर चालू हंगामाच्या उताऱ्यावर काढण्याचा निर्णय घेतला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२५-२६ साठी दर ३५५ झाला, ०.१ टक्क्याचे पैसे ३ रुपये ४६ पैसे झाले आणि खालची मर्यादा ३२९ रुपये ५ पैशांवर गेली. हे सगळं ज्याला त्याच जुन्या प्रोग्राममध्ये बसवायचं आहे, आणि मागच्या हंगामाची थकीत बिलं जुन्या नियमानेच निघत राहतील हेही सांभाळायचं आहे, त्याच्या मागे दोनशे तयार उत्तरं उभी असतील तर तो रात्री झोपू शकतो. नसतील तर त्याला पहिल्या पंधरवड्याच्या बिलांपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. शिवाय उद्या वाद झाला की ‘प्रोग्रामरने चूक केली’ असं म्हणायची सोय उरत नाही, कारण अपेक्षित उत्तर अकौंट्सच्या सहीने आलेलं असतं. चाचणी ही त्याच्या मानगुटीवर बसवलेली देखरेख नसून त्याचं संरक्षण आहे, हे एकदा कळलं की भाषण द्यावं लागत नाही.

सही कुणाची, हा इथला कळीचा मुद्दा. माझं म्हणणं असं की चाचण्यांचा संच कारखान्याच्या, पतसंस्थेच्या, विद्यापीठाच्या मालकीचा असला पाहिजे, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या नव्हे. आज पुरवठादार बदलला की संस्था पुन्हा पहिलीत बसते. नवी कंपनी येते, सहा महिने ‘तुमची प्रोसेस समजावून द्या’ म्हणते आणि तीच कोडी पुन्हा चुकत चुकत सुटतात. दोनशे ओळींचा तक्ता संस्थेच्या कपाटात असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच दिवशी सांगता येईल: हा घ्या पेपर, ही उत्तरं, सोडवून दाखवा आणि मगच पहिला हप्ता मागा. तक्त्यात बदल करायचा तर शेतकी विभाग, अकौंट्स आणि लेखापरीक्षक यांची संमती हवी. १०.२७ चं काय करायचं हे मग प्रोग्रामर ठरवणार नाही. ती ओळ तक्त्यात येताना कुणीतरी विचारेलच, आणि मंडळाला तोंड उघडावं लागेल. काही मंडळांना हे नकोच असतं, हेही खरं. संदिग्धता काहींच्या सोयीची असते. स्वयंचलित चाचणीला होणाऱ्या विरोधात तंत्राचं अज्ञान किती आणि ही सोय किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप: एवढं करायला वेळ कुणाला आहे? गळीत हंगामात कुणालाच नाही, मान्य. पण कारखाना वर्षाचे बाराही महिने चालत नाही. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मिलचे रोलर उघडून ओव्हरहॉलिंग होतं तेव्हा बिल विभाग तुलनेने मोकळा असतो. आठवड्यातून एक दुपार बिल क्लार्क, शेतकी विभागातला एखादा जुना फिल्डमन आणि प्रोग्रामर असे तिघे एका टेबलाशी बसले तर मोळीपूजनाआधी शंभर ओळी सहज होतील. साधनं फुकट आहेत. बहुतेक मुक्त स्रोत आहेत. खर्च आहे तो या तिघांच्या वेळाचा. या बैठकीत फिल्डमन हवाच, कारण आद्याक्षरं जुळणारे दोन पाटील कोणत्या शिवारात आहेत हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक: जुन्या मराठी फॉन्टांतली माहिती युनिकोडमध्ये आणताना ‘र्‍य’, ‘ॲ’, जोडाक्षरं तुटतात आणि शोधल्यावर सभासद सापडत नाही. अशी वीस नावंही तक्त्यात हवीत. परदेशी साधनांबरोबर आलेल्या तयार चाचण्यांत ती असणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाचण्या हिरव्या झाल्या की लोक यंत्रावर नको इतका विश्वास टाकतील, असा. हा धोका खरा आहे आणि तो कुठवर जाऊ शकतो हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या टपाल खात्याने फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली १९९९ पासून वापरात आणली. प्रणाली तूट दाखवत राहिली, आणि खेड्यापाड्यांतली उप-टपाल कार्यालयं चालवणारी साधी माणसं ‘आमच्या गल्ल्यात तूट नाही’ म्हणून सांगत राहिली. संगणक नीट चालतो असं गृहीत धरायची तिथल्या न्यायालयांची रीत. नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काही कर्जबाजारी झाले. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतल्या दोषांवर बोट ठेवलं आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. बिगरतांत्रिक माणूस बरोबर होता आणि यंत्र चूक, याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नसेल. यातून चाचण्या नकोत असं मात्र निघत नाही. त्या माणसांची तक्रार नोंदवून घेऊन, तिची एक ओळ करून ती यंत्रापुढे टाकायची कुठलीही वाट त्या व्यवस्थेत नव्हती. खिडकीशी भांडणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार जिथे दुसऱ्या दिवशी तक्त्यातली नवी ओळ बनते, तिथे हिरव्या रंगाला थोडाफार अर्थ येतो.

थोडाफारच, कारण तक्त्यात कुणाच्या ओळी येतात हेही पाहिलं पाहिजे. सभासदाच्या येतील. त्याला सर्वसाधारण सभेत मत आहे. पण ऊस तोडणाऱ्यांचं काय? शहाद्या-तळोद्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून दक्षिण गुजरातच्या किंवा आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर जाते. त्यांचा हिशेब उचलीपासून सुरू होतो आणि बहुधा मुकादमाच्या वहीत संपतो. जानेवारी २०२४ मध्ये, हंगाम चालू असताना, महाराष्ट्रात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दर असा मध्येच बदलला की आधी तोडलेल्या टनांचा फरक कसा काढायचा, तो वाहतूकदाराच्या खात्यावर जातो की मुकादमाच्या, उचलीतून वजा होतो की हाती पडतो, या प्रत्येकाचं एक अपेक्षित उत्तर असायला हवं. कारखान्याच्या प्रणालीत तोडणी-वाहतुकीचं बिल असतं, पण ते मुकादमाच्या नावापाशी थांबतं. कोयत्याचं नाव तिथे नसतंच. त्यामुळे तिघांच्या त्या टेबलाशी चौथी खुर्ची ठेवायला हवी असं मला वाटतं. तिच्यावर कुणाला बसवायचं याबद्दल कारखाना, मुकादम आणि कामगार संघटना यांचं एकमत होणार नाही, आणि ते होईपर्यंत तोडणीच्या फरकाच्या ओळीत उजवीकडचा रकाना कोराच ठेवावा लागेल.